चौदा नंबरचा संदर्भ

"ये हमारी रेफरन्सवाली बाई हैं," विभागप्रमुख सर पाहुण्यांना म्हणाले.

पाहुणे दोन, जबलपूरहून आलेले. समोर चहा, पोहे, शेव. मी दारात उभी. हातात सरांच्या शोधनिबंधाचा प्रिंटआउट.

"अच्छा, टाइपिंग करती हैं?" एकानं विचारलं.

"नहीं नहीं, डॉक्टर हैं. कॉमा-फुलस्टॉप की डॉक्टर."

तिघं हसले. मीही हसले. लाज वाटते ती त्या हसण्याची. मग पाहुण्यानं रिकामा कप माझ्याकडं धरला. मी घेतला. दुसऱ्याचाही घेतला. प्रिंटआउट काखेत धरून कप बाहेरच्या बेसिनपाशी नेऊन ठेवले. कोणी थांबवलं नाही.

मी वनस्पतिशास्त्रात पीएच.डी. आहे. मध्य प्रदेशात, बालाघाटच्या एका कॉलेजात अकरा वर्षं शिकवते. आमच्या पदाला 'अतिथी विद्वान' म्हणतात. म्हणजे दर सत्राला नव्यानं नेमणूक, आणि तिच्याआधी विभागप्रमुखांचा शेरा.

सर इथल्याच जुन्या मराठी घरातले. आजोबांपासून सरकारी नोकरी. मी उकव्याची, बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीतली. बाप मँगनीजच्या खाणीत होता. पहिल्या दिवशी सरांनी माझं आडनाव ऐकलं. विचारलं, "उकव्याच्या? वडील खाणीत?" मी हौ म्हटलं. पुढच्या वाक्यापासून मी 'तू' झाले. बाकी सगळ्यांना ते 'आपण' म्हणतात. मी त्यांच्यापेक्षा दोन वर्षांनी मोठी आहे.

संदर्भांचं काम दुसऱ्या वर्षी माझ्याकडं आलं. "तुझं काम नेटकं असतं," सर म्हणाले. मला तेव्हा बरं वाटलं होतं.

हे काम बाहेरून सोपं दिसतं. एका जर्नलला वर्ष कंसात लागतं, दुसऱ्याला शेवटी. एकाला लेखकाचं पूर्ण नाव, दुसऱ्याला आद्याक्षर. निबंध एकीकडून परत आला की दुसरीकडं पाठवायचा, म्हणजे साठ-सत्तर नोंदी पुन्हा पहिल्यापासून. विभागाचा कॉम्प्युटर मधेच बंद पडतो, म्हणून मी प्रत्येक संदर्भ लग्नपत्रिकेच्या पाठीवर लिहून ठेवते. पत्रिका फुकट मिळतात आणि कागद जाड असतो. मूळ लेख डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मी पत्रिका लिहीत नाही. सरांनी न वाचलेले कितीतरी लेख त्यांच्या निबंधांसाठी मी वाचले आहेत.

लालबर्राच्या बाजूला धानाच्या बांध्यांत, म्हणजे खाचरांत, करगा उगवतो. करगा म्हणजे रानटी धान. लोंबी येईपर्यंत तो धानासारखाच दिसतो, असं पुस्तकात आहे. निंदणाऱ्या बाया मात्र त्याला कितीतरी आधी उपटतात. त्यांना कसा ओळखू येतो, हे मी चार पावसाळे त्यांच्यासोबत चिखलात उभी राहून लिहून घेतलं. बुडाचा रंग, पात्याची खरखर, फुटव्याचा कोन. सगळ्यात जास्त सांगितलं रामकलीबाईनं. तिची बोटं डोळ्याआधी ओळखतात. मी एकदा चुकून धानच उपटलं तर ती म्हणाली, "मॅडम, तुमी वहीच धरा. धान आमचं हाय."

त्यावर मी एकटीनं एक छोटा लेख लिहिला. एका लहान मासिकात छापून आला. त्यात एक तक्ता होता आणि तक्त्याखाली सात बायांची नावं. मी अंक घेऊन गेले. रामकलीबाईनं नाव दाखवायला लावलं, त्याच्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "यानं मजुरी वाढन का?"

"नाही."

"मंग काहून छापलं?"

"तुम्ही सांगितलं म्हणून."

"हौ, हे बराबर हाय," ती म्हणाली आणि कामाला लागली.

पाहुण्यांसमोर माझ्या हातात होता तो सरांचा निबंध परदेशी जर्नलला जायचा होता. करग्यावरच. माझा तक्ता त्यात जसाच्या तसा होता. लेखकांत माझं नाव नव्हतं. याआधीच्या दोन निबंधांतही नव्हतं. दोन्ही वेळा सर म्हणाले होते, "जर्नलवाले कायम नोकरीवाल्यांचीच नावं बघतात, पुढच्या वेळी नक्की." आणि दोन्ही वेळा पहिल्या पानावरचं माझं नाव मीच खोडलं होतं. नाव काढल्यावर मागं दोन कॉमा उरले, त्यातला जास्तीचा तोही मीच काढला. नीटनेटकं केलं.

या वेळी माझ्याकडं एवढंच उरलं होतं. तक्त्याखाली चौदा हा आकडा, आणि यादीत चौदा नंबरला माझा छोटा लेख. कोणी तो उघडला असता तर सात नावं दिसली असती.

पाहुणे गेल्यावर सरांनी मला आत बोलावलं. प्रिंटआउटवर लाल पेनानं चौदाला गोल केला होता.

"हे गावठी मासिक काढ. बरं दिसत नाही."

"मग तक्ता कुठून आला म्हणायचं सर?"

"त्याच जागी माझं परिषदेतलं भाषण टाक. चौदाच्या जागी चौदा. तुला पुढचे नंबरही बदलावे लागणार नाहीत."

माझी मेहनत वाचवली होती त्यांनी. त्या भाषणाच्या स्लाइड मीच बनवल्या होत्या. ते माझ्या लेखानंतरचं होतं आणि त्यात हाच तक्ता होता.

मी पेन घेतलं. खरं सांगते, घेतलं. अकरा वर्षांची सवय. पेनाचं टोक चौदावर टेकलं आणि रामकलीबाईचं बोट डोळ्यांसमोर आलं. स्वतःचं नाव मी दोनदा खोडलं होतं, तो माझा प्रश्न होता. ही सात नावं खोडण्याचा मला काय हक्क होता?

मी पेन टेबलावर ठेवलं.

"नाही टाकत सर."

"काय?"

"ते खोटं आहे. मी नाही टाकत."

"खोटं? अगं, हे फॉर्मॅटिंग आहे."

"मंग तुमीच करा."

माझ्या तोंडून घरची बोली निघाली. कॉलेजात मी तिला कधी बाहेर काढत नसे. सर खुर्चीत मागं टेकले आणि फार शांतपणे म्हणाले, "तुझा शेरा लिहायचा आहे मला या महिन्यात. विचार कर."

"लिहा. आणि मला 'तुम्ही' म्हणा."

बाहेर आले. दुपारचा तास होता, तो घेतला. मुळाचे प्रकार शिकवले.

शेरा आला. 'सहकार्याची वृत्ती नाही.' नव्या सत्राच्या यादीत माझं नाव नाही. घरी नवरा म्हणाला, "एक नंबरच तं होता. बदलून टाकाले काय झालं असतं?" मी त्याच्याशी भांडले नाही. पन्नाशी जवळ आली आहे, गुडघे दुखतात, आणि समजावून सांगण्याचा कंटाळा येतो. शिकवण्या घेईन. काही ना काही करीन.

निबंध गेला. पाठवलेली प्रत मी विभागात पाहिली. चौदा नंबरला त्यांचं भाषण आहे. नव्या संदर्भवाल्यानं वर्ष कंसात टाकलं आहे, या जर्नलला ते तसं चालत नाही.

काल मी त्या जर्नलच्या संपादकाला पत्र पाठवलं. सोबत माझा लेख, चार पावसाळ्यांच्या वह्यांचे फोटो, आणि सात बायांची नावं. दोन लोकांनी फोन करून सांगितलं, मागं घ्या, या जिल्ह्यात तुम्हाला कोणी दारात उभं करणार नाही. मी ऐकून घेतलं.

मागं घेणार नाही. उत्तर नाही आलं तर पुन्हा लिहीन. तरीही नाही आलं तर त्यांच्या वरच्याला लिहीन. तक्ता छापायचा असेल तर त्या बायांच्या नावांसकट छापा. नाहीतर तक्ता काढा.