मुंबईच्या कॉलेजातली उरलेली जागा

मी बी. ए. नाही. वर्तमानपत्रात इतकी वर्षं काढल्यावर कोणी आता ते विचारत नाही. विचारलंच तर प्रीव्हियस पास आहे असं सांगतो आणि पुढचं सांगायचं टाळतो.

मॅट्रिकला मला जेमतेम मार्क होते. मुंबईचं मोठं कॉलेज वरच्या नंबरांची मुलं घ्यायचं; माझा अर्ज आठ दिवसांत परत आला. मग राहिलं दूरच्या एका संस्थानातलं लहान कॉलेज. मॅट्रिक झालेल्या कोणालाही ते घेत असे आणि राहायला खोलीही देत असे. अडचण एवढीच, की तिथे पहिल्या वर्षाच्या, म्हणजे प्रीव्हियसच्या परीक्षेपर्यंतच शिकवत. त्यापुढे मुलाला दुसरीकडे जागा शोधावी लागे.

आम्ही कल्याणला राहत होतो. वडील रोज गाडीने ठाण्याच्या कचेरीत कामाला जात. निर्णयाच्या दिवशी मामा आले होते. ते वकिली करत आणि घरातही वकिली बोलत.

"एक वर्ष तिथे टर्म भरायच्या, परीक्षा द्यायची आणि मुंबईला यायचं," मामा म्हणाले. "डिग्रीच्या कागदावर पहिलं वर्ष कुठे काढलं ते लिहीत नाहीत."

"आणि मुंबईने घेतलंच नाही तर?"

"पास झालेल्याला का नाही घेणार? दाजी, तुम्ही गाडीत बसायच्या आधीच गाडी चुकल्याचं दुःख करता."

आई हसली. वडील हसले नाहीत, पण त्यांनी होकार दिला. मला कोणी विचारलं नाही. विचारलं असतं तर मीही हो म्हटलं असतं.

मी वर्षभर त्या संस्थानात राहिलो आणि पास झालो. निघताना तिथल्या प्रिन्सिपॉलांनी टर्म भरल्याचा आणि वर्तणुकीचा दाखला सही-शिक्क्यानिशी हातात दिला. ते म्हणाले, "मुंबईचे लोक आपली मुलं आधी बसवतात. जागा उरली तरच बाहेरचा. पहिल्याच दिवशी जा, आणि हा कागद सांभाळ. याची नक्कल तिथे चालत नाही." मुंबईहून माझ्या पत्राला आलेलं उत्तरही त्याच अर्थाचं होतं: दुसऱ्या वर्गात एक जागा उरण्याचा संभव आहे, जानेवारीची टर्म सोमवारी उघडेल, अस्सल दाखला घेऊन समक्ष यावे.

सोमवार चांगला नाही असं जोश्यांनी सांगितलं. शुक्रवार चांगला होता. अशा वेळी आमच्याकडे प्रस्थान ठेवत. प्रवासाच्या दिशेला कोणाच्या तरी घरी आपल्या सामानातलं एखादं गाठोडं चांगल्या दिवशी नेऊन ठेवायचं, म्हणजे माणूस त्याच दिवशी निघाला असं धरतात. मग तो सोयीने दोन दिवसांनी गेला तरी चालतं. फक्त गाठोडं घरी परत आणायचं नाही.

ठाण्याला वडिलांचे वरिष्ठ, कचेरीतले शिरस्तेदार राहत. मुंबईच्या वाटेवर त्यांच्याइतकं योग्य घर नव्हतं. आईने एका उपरण्यात सुपारी, हळकुंड आणि माझं एक धोतर बांधायला घेतलं. वडिलांनी दाखला उचलला आणि धोतराच्या घडीत ठेवला.

"तो कशाला?" आई म्हणाली.

"ज्याच्यासाठी जायचं, ते आधी जाऊ दे."

मी समोर बसलो होतो. मला ते बरोबर वाटलं नाही. शुक्रवारी कचेरीला जाताना वडिलांनी ते गाठोडं शिरस्तेदारांकडे नेऊन ठेवलं.

सोमवारी सकाळी वडील आणि मी बरोबरच ठाण्याला उतरलो. शिरस्तेदारांच्या दाराला कुलूप होतं. शेजारी एक ख्रिस्ती गृहस्थ राहत. त्यांची भाताची शेती होती. ते ओट्यावर विळ्याला धार लावत होते. त्यांनी सांगितलं, की शनिवारी वसईहून शिरस्तेदारांच्या आई गेल्याचा निरोप आला आणि सगळं घर त्याच दुपारी खाडीतून मचव्याने निघून गेलं.

"किल्ली?" वडिलांनी विचारलं.

"किल्ली त्यांच्या कनवटीला. दहा दिवस तरी येत नाय ते."

मी खिडकीच्या गजांतून पाहिलं. गाठोडं देवघराच्या बाजूला पाटावर ठेवलेलं होतं. कोणीतरी त्याला कुंकूही लावलं होतं. गजांपासून ते पाच-सहा हात लांब असेल.

आम्हाला काय हवं आहे ते कळल्यावर शेजारी उठले. "त्यात काय! कुलूप दोन फटक्यांत निघंल. तुमचं गाठोडं घ्या, मी नवीन कुलूप लावून देतो. कोनाला सांगनार पन नाय."

वडिलांनी दोन्ही हात पुढे केले, जणू कोणी कुलपाला हात लावलाच होता. "छे! साहेबांच्या घराचं कुलूप? घरात सुतक, माणसं वसईला, आणि मागे मी त्यांचं दार फोडू?"

"फोडायचं कोन बोलतंय? उघडायचं. पोराचं वर्ष जाईल, भाऊ."

वडील माझ्याकडे पाहत राहिले. मी तेव्हा अठरा वर्षांचा होतो आणि त्या शेजाऱ्यांना हो म्हणण्याचा अधिकार मला नव्हता, असं मी समजत होतो. आजही नक्की सांगता येत नाही. शेवटी वडील म्हणाले, "तू पुढे हो. खरी हकीकत सांग. मी वसईला माणूस धाडतो." इतकं बोलून ते कचेरीकडे गेले, कारण अकराचा सुमार होत आला होता.

मुंबईला कॉलेजच्या कारकुनाने हकीकत पूर्ण ऐकून घेतली. नंतर शेजारच्या टेबलाकडे वळून म्हणाला, "ऐकलंत का? हे स्वतः आलेत, पण यांचं गाठोडं शुक्रवारीच निघालंय. ते अजून पोचलं नाही." दोघे हसले. तार करून संस्थानातून खात्री करून घेता येईल, असं मी सुचवलं. तारेवर शिक्का नसतो, असं उत्तर मिळालं. प्रिन्सिपॉल साहेबांना भेटू दिलं. ते सौम्यपणे बोलले. माझ्यावर विश्वास आहे, पण बाहेरच्या मुलाचं नाव दाखल्याशिवाय लिहिता येत नाही, आणि दुसरा कोणी दाखला घेऊन आला तर त्याला थांबवता येत नाही, असं त्यांनी सांगितलं. यात चुकीचं काही नव्हतं.

मंगळवार आणि बुधवार मी घरीच होतो. शिरस्तेदारांनी किल्ली गुरुवारी संध्याकाळी एका खलाशाबरोबर पाठवली. बरोबर चिठ्ठी होती, की कुलूप काढून घ्यायचं होतं, इतका संकोच कशाला केलात. वडिलांनी ती चिठ्ठी दोनदा वाचली आणि घडी करून खिशात ठेवली. आईला दाखवली नाही.

शुक्रवारी मी दाखला घेऊन कॉलेजात गेलो. कारकून या वेळी हसला नाही. त्याने यादी माझ्याकडे वळवली. शेवटचं नाव बुधवारच्या तारखेचं होतं. "आता पुढच्या जानेवारीत," तो म्हणाला, "तेव्हाही उरली तर."

बाहेर जिन्यापाशी माझ्याच वयाचा एक मुलगा वह्या घेऊन उभा होता. त्याने मला थांबवलं.

"तुम्हीपण नवीन का? मी परवाच पुण्याहून आलो. दुसऱ्या वर्गाची खोली कुठली हो?"

सोमवारी प्रिन्सिपॉलांची वाट पाहताना मी ती खोली पाहून ठेवली होती. वरच्या मजल्यावर डावीकडची शेवटची, असं मी त्याला सांगितलं. "चला की बरोबर," तो म्हणाला. मला खाली काम आहे, असं मी म्हटलं.

दुपारच्या गाडीने ठाण्याला उतरलो आणि कचेरीत गेलो. वडील कागदांतून वर न बघता म्हणाले, "काय?"

"भरली."

त्यांनी टाक दौतीत ठेवला, पुन्हा उचलला. "बस जरा," ते म्हणाले. "पाचला सुटलो की बरोबर जाऊ." अर्जदारांसाठी ठेवलेल्या बाकावर जागा होती. मी तिथे बसलो. पाच वाजायला अडीच तास होते.