जिला मी हरवलं

मी सरपंच म्हणून निवडून आले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात एक बाई उभी होती. तिलाच मी निवडणुकीत हरवलं होतं. सारं गाव त्यांना काकू म्हणायचं, मीही म्हणायची.

बुलढाण्याजवळच्या देऊळघाटच्या पुढे, फाट्यावरून आत गेलं की आमचं गाव लागतं. काकू मोठ्या शेतकरी घरातल्या, माझ्या आधीच्या सरपंच. मी गावाच्या खालच्या टोकाला बौद्ध वस्तीत राहणारी, शिवणकाम करून घराला हातभार लावणारी. पद या वेळीही बाईसाठी राखीव राहिलं. वस्तीनं जोर लावला, वरच्या गल्लीतल्या काही लेकीसुनांनीही मत दिलं, आणि मी थोडक्यात निवडून आले.

काकूंना पाहून मला वाटलं, आता भांडण होणार. नवऱ्यालाही तसंच वाटलं असावं. तो लगबगीनं पुढे आला. काकू त्याला ओलांडून आत आल्या आणि मशीनजवळच्या स्टुलावर बसल्या.

"चहा ठेव वं," त्या म्हणाल्या. "बोलाचं हाये."

चहा बशीत ओतून त्यांनी सुरुवात केली. "पंचायतीत सरपंचाच्या खुर्चीजवळ अजून एक खुर्ची हाये. तिच्यावर माहा मालक बसे. त्याले तिथून उठवाले मले लय दिवस लागले. तू पहिल्याच दिवशी ते खुर्ची बाहेर काढ." मग नवऱ्याकडे वळून म्हणाल्या, "राग नको मानू बाबू. तू चांगला हायेस. पण तू बसला का लोक तुह्याशीच बोलतीन."

त्या गेल्यावर बऱ्याच वेळानं नवरा म्हणाला, "मी आपला भाईरच थांबत जाईन."

वस्तीत लोक म्हणाले, यात काही डाव असेल. मलाही विश्वास बसायला वेळ लागला. पण काकू काही मागत नव्हत्या. सभेत कोण नुसता आवाज करतो आणि कोण गप्प बसून काम अडवतो, हे त्यांनी मला सांगितलं. कोणी सहीची घाई करत असेल तर ती सही उद्यावर टाकायची, हेही त्यांचंच शिकवणं.

एकदा बुलढाण्याला पंचायत समितीत जायचं होतं. मी म्हटलं, "काकू, तुम्ही चाला सोबत." एस.टी.नं आम्ही दोघी गेलो. साहेबांच्या दारापर्यंत त्या आल्या आणि बाहेरच्या बाकावर बसल्या.

"आत नाही येत?"

"मी आली तर साहेब माह्याशी बोलंन, ओळख हाये ना. तू जाय. उभी नको राहू, खुर्ची ओढून बस."

मी जाऊन आले. काय बोलणं झालं ते त्यांनी सगळं विचारून घेतलं. "रस्त्याचं बोलली. अंगणवाडीच्या पत्र्याइचं काऊन नाही बोलली?"

"राहून गेलं."

"मंग जाय पुन्हा."

मी पुन्हा आत गेले. साहेब हसले, पण त्यांनी पत्र्यांचंही लिहून घेतलं.

त्या दिवशी स्टँडवर बसची वाट पाहताना मी त्यांना विचारलं, निकालाच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही माझ्याकडे का आलात? त्या भुईमुगाच्या शेंगा सोलत होत्या. म्हणाल्या, "हरली तवा लय रडली मी. मंग मनात आलं, मी नवी होती तवा मले कोणीच काही सांगतलं नाही. माहं एक वरीस तसंच गेलं. तुह्यं काऊन जाऊ द्यावं?"

पुढे पाण्याचा प्रश्न आला. टाकीचं पाणी आधी वरच्या गल्लीला सुटायचं, मग मधल्या आळीला, आणि उरलेलं आमच्या वस्तीला. उन्हाळ्यात शेवटच्या घरात नळाला करंगळीएवढी धार यायची. एक दिवस आधी वरच्या गल्लीला आणि एक दिवस आधी वस्तीला पाणी सोडायचं, असं मी ठरवलं. वरच्या गल्लीत काकूंचंही घर होतं, म्हणून मी आधी त्यांच्याकडे गेले.

"मले काऊन विचारते? सभेत मांड," एवढंच त्या म्हणाल्या.

ग्रामसभा शाळेच्या आवारात होती. मी विषय मांडताच काकूंचे दीर उठले. "इतके वर्षं चाललं, आता काऊन बदलाचं?" मागून बरेच जण हो म्हणाले. मग सगळे काकूंकडे पाहू लागले. त्या बायकांमध्ये सतरंजीवर बसल्या होत्या. गुडघ्यावर हात टेकून उठल्या.

"मी सरपंच होती तवा हे मले दिसत होतं. घरच्याइले दुखवाचं नाही म्हणून मी हात नाही लावला. हे पोरगी हात लावून राह्यली, तर लावू द्या."

"वहिनी, आपल्या घराकडून बोला ना," दीर म्हणाले.

"घराकडूनच बोलून राह्यली."

मग हात वर होऊ लागले, आधी बायकांचे. ठराव झाला.

त्या उन्हाळ्यात काकूंची सून शेतातल्या विहिरीवरून पाणी आणताना दिसायची. मला राहवलं नाही. मी काकूंना म्हटलं, तुमच्या गल्लीला थोडा जास्त वेळ सोडू का?

"एका घरासाठी टाकीचा वाल फिरवला तर साऱ्याइसाठी फिरवा लागंन," त्या जरा रागानंच म्हणाल्या. "जाय, काम कर."

दिरांनी त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं, सणालाही घरी आले नव्हते. काकूंनी हे कधी सांगितलं नाही. त्यांची सून ब्लाउजचं माप द्यायला आली, तेव्हा तिच्या तोंडून कळलं.

आता पाणी ठरल्याप्रमाणे सुटतं. शेवटच्या घराला वैशाखात अजूनही कमी पडतं, त्यासाठी वेगळ्या पाइपाची मागणी लावली आहे. मधे काकूंचे दीर नालीच्या कामासाठी पंचायतीत आले, माझ्यासमोर बसून बोलले, काम करून घेऊन गेले. काकूंशी मात्र अजून नीट बोलत नाहीत. काकू प्रत्येक सभेला येतात, बायकांमध्ये मागे बसतात. माझं काही चुकलं तर तिथे बोलत नाहीत. सभा संपून लोक पांगले की हळूच जवळ येतात आणि सांगतात.