भाकरीला प्लेट लागत नाही

आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये वर्षभर कसला ना कसला दिवस असतो. चहा दिवस, चॉकलेट दिवस, समोसा दिवस, पिझ्झा दिवस. हे दिवस कोण ठरवतं याची चौकशी कोणी करत नाही. उत्सव समिती म्हणजे आमच्या मोठ्या मॅडम. त्या ग्रुपवर एक चित्र टाकतात, खाली सगळे हात जोडतात, मग कोणी काय आणायचं याची यादी येते. डोनट दिवसाला डोनट वेळेवर मिळाले नाहीत, तर आम्ही मेदूवडे खाल्ले. भोक होतं, तेवढं पुरलं. संत्र्याच्या रसाच्या दिवशी फाटकाबाहेर मोर्शीच्या संत्र्यांच्या गाड्या उभ्या होत्या आणि आत आम्ही खोक्यातला रस पीत होतो. काखेत कळसा नि गावाला वळसा. मी विज्ञान शिकवते, म्हणून त्या खोक्यावरचं साखरेचं प्रमाण वाचून दाखवलं. मोठ्या मॅडम म्हणाल्या, "आजच्या दिवस राहू द्या ना मॅडम."

मला या दिवसांचा तिटकारा होता, पण मी जात होते. अकोल्यात नोकरी करायची, तर स्टाफरूममध्ये तोंड वाकडं करून चालत नाही.

तीन वर्षं गेली. एकदा ग्रुपवर जुनं वेळापत्रक शोधत होते. मागे मागे जाताना सगळ्या याद्या डोळ्यांखालून गेल्या. समोसा दिवस: माझ्या नावापुढे प्लेटा. चहा दिवस: कागदी कप. आइस्क्रीम दिवस: चमचे आणि नॅपकिन. एकदा वेफर्सची पाकिटं, दुकानातली, बंद. बाकी सगळ्यांकडे घरून काहीतरी करून आणायचं होतं. मला तीन वर्षांत एकदाही घरचा पदार्थ सांगितला नव्हता.

मी बौद्ध घरची आहे. शाळेत ते सगळ्यांना माहीत आहे आणि त्याबद्दल कोणी एक शब्द कधी वावगा बोललं नाही. बोलायची गरज काय, यादी होती ना. मुलांना मी रोज सांगते, नीट निरीक्षण करा. आणि स्वतःला हे दिसायला तीन वर्षं लागली. त्या दिवशी मला त्यांच्यापेक्षा माझाच जास्त राग आला.

पुढच्याच आठवड्यात भरडधान्य दिवस होता. यादी आली. ज्वारीचा उपमा, बाजरीची खिचडी, नाचणीचे लाडू, ज्वारीचा केक. माझ्यापुढे प्लेटा. मी खाली लिहिलं, "मी भाकरी आणि अंबाडीची भाजी आणते. आईच्या हातची. प्लेटा दुसऱ्या कोणाकडे द्या." मोठ्या मॅडमनी लिहिलं, "अहो, आईंना कशाला त्रास?" मी लिहिलं, "त्यांना त्रास नाही." त्यावर कोणी काही लिहिलं नाही. म्हणजे मी लपूनछपून काही केलं नाही, हे इथे सांगून ठेवते.

आई हिवरखेडची. आता माझ्याकडे असते. तिला सांगितलं तर ती हसली.

"भाकरीचा दिवस? आमच्या वक्ती गव्हाच्या पोयीचा दिवस राहे, सणावाराले. भाकर त रोजचीच."

"करशील ना पण?"

तिने पिठाचा डबा उघडून बघितला. मग म्हणाली, "करतो. किती मानसं हायेत?"

सकाळी पाचला उठून तिने वीस भाकरी थापल्या. गुडघे दुखतात, तरी ओट्यापाशी उभी राहून. प्रत्येक भाकर टम्म फुगलेली. फडक्यात गुंडाळून डब्यात भरल्या तेव्हा डबा हाताला गरम लागत होता.

मधल्या सुट्टीत टेबलावर जरीचं कापड पसरलं, पदार्थ मांडले, फोटो निघाले. मोठ्या मॅडमनी केकचा तुकडा मोडून तोंडात टाकला. मग खेळाच्या सरांनी विचारलं, "मॅडम, प्लेटा कुठी ठेवल्या?"

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"मी आणल्या नाहीत. ग्रुपवर लिहिलं होतं," मी म्हटलं. "भाकरीला प्लेट लागत नाही सर. हातावर घ्या."

मी डबा उघडला. अंबाडीचा आणि लसणाचा वास खोलीभर गेला. मोठ्या मॅडमना केक तोंडात असतानाच आपला गुरुवारचा उपास आठवला. दुसऱ्या एकीला अ‍ॅसिडिटी होती. तिसरीची दाढ दुखत होती. लाडू मात्र त्याच दाढेने फुटला. खेळाच्या सरांनी एक भाकर घेतली, मोठ्या मॅडमकडे बघितलं आणि म्हणाले, "मी घरी नेतो, मिसेसले आवडते." मग मोठ्या मॅडमनी कपाट उघडलं, गेल्या वर्षीच्या उरलेल्या प्रश्नपत्रिका काढल्या आणि एकेकाच्या हातात एकेक दिली. त्यावर त्यांनी उपमा वाढून घेतला. छापील शाई लागलेला उपमा त्या सुशिक्षित लोकांना चालला.

मी त्यांच्यासमोर बसून दोन भाकरी खाल्ल्या. घंटा झाल्यावर खिडकीत सरांची भाकर सापडली, कागदात गुंडाळलेली. ती परत डब्यात ठेवली.

घरी येताना रस्ताभर खोटं जुळवत होते. सगळ्यांना आवडली म्हणून सांगायचं, उरलेल्या शेजारी देऊन टाकायच्या. पण आई दारातच बसली होती. तिने हातातून डबा घेतला आणि वजनावरूनच तिला कळलं.

"नाही खाल्ली त्यायनं," मी म्हटलं.

"मले मालूम होतं."

"मग एवढ्या सकाळी उठून केल्या काहून?"

तिने फडकं सोडलं, कागदातली भाकर वेगळी काढून बाजूला ठेवली आणि बाकीच्या एकावर एक नीट रचल्या.

"तुले मालूम नव्हतं ना," ती म्हणाली. "म्हून केल्या."