आपांच्या कॉम्प्युटरमधली सही

"पहिले वाचून दाखवते, मग सही टाकते."

चष्मा कपाळावर ढकलून आपा असं म्हणाल्या, की समोरच्यानं कितीही घाई असली तरी स्टूल ओढून बसायचं.

भूकंपानंतर लातुरात गल्लोगल्ली क्लासेस निघाले, तेव्हाची ही गोष्ट. मी अशाच एका क्लासच्या ऑफिसात होतो. आमची पत्रं स्टँडजवळ आपांच्या पत्र्याच्या टपरीत कॉम्प्युटरवर टाइप व्हायची. पालकांना इतकी पत्रं जायची, की सह्या करून क्लास चालवणाऱ्या सरांचं मनगट धरायचं. मग आपांनी स्कॅनर आणला. सरांनी कोऱ्या कागदावर झोकदार सही केली, मशीनमधून उजेड सरकत गेला आणि सही थेट पडद्यावर!

"अरे, हा तर मीच हाय!" सर लहान लेकरागत ओरडले.

आपांनी ती सही माउसनं उचलून पत्राखाली आणली. नावावर चढली, तशी अलगद वर सरकवली. "सर, सही माझ्यापाशी राहील," त्या म्हणाल्या, "पण विचारल्याबिगर कुठंच लावणार न्हाई."

शालू आमच्याच क्लासची. आईवडील भूकंपात गेलेले. सरांच्या घरी राहून शिकली. तिला नांदेडला मेडिकलला प्रवेश मिळाला, तेव्हा अख्खा क्लास नाचला. पण वसतिगृहाला पालकाच्या सहीचं पत्र त्याच संध्याकाळपर्यंत हवं होतं, नाहीतर जागा दुसरीला. आणि सर निलंग्याला लग्नात!

मी शालूला घेऊन आपांकडे धावलो. पत्र टाइप झालं. बाहेर नांदेडची गाडी लागलेली.

"आपा, सही टाका की! गाडी निघायलीय!"

"सरांना विचारते."

"सर काय न्हाई म्हणणार हायत?"

"मग विचारायला काय जातंय?"

लग्नघराशेजारच्या फोनवर सर सापडले. मागं बँड दणाणत होता. सर इतके ओरडत होते, की रिसीव्हरमधून आम्हालाही ऐकू येत होतं. "टाका, टाका सही!"

"न्हाई सर, पहिले ऐका!" आपाही ओरडून वाचू लागल्या. रस्त्यावरची माणसं थांबली. "'मी कुमारी शालूचा तात्पुरता पालक...'"

"काय? तात्पुरता? कुणी लिहिलं ते?"

मी शालूकडे पाहिलं. तो शब्द तिनंच सांगितला होता. सरांच्या गळ्यात पडल्यासारखं वाटू नये म्हणून.

"काढा तो शब्द! नुसतं पालक ठेवा. लेक हाय माझी!"

शालूनं ओढणीत तोंड लपवलं. आपांनी शब्द पुसला, सही नीट बसवली. कागद प्रिंटरमधून पुरता बाहेर येतोय न येतोय, तोच आपांनी तो तिच्या हातात कोंबला. "रड गाडीत. आता पळ!"

संध्याकाळी नांदेडहून तिचा फोन आला. खोली मिळाली होती!

पुढं आपा मुलीकडे हैदराबादला गेल्या आणि तिकडंच वारल्या. मला मात्र त्या अजून त्या दुपारच्याच दिसतात. गाडी हललेली, शालू मागून धावतेय, आणि आपा अनवाणी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभ्या.

"ओ डायवर, थांबा की! डाक्टरीण ऱ्हायली!"