अप्पांचा गवताचा सीझन

दसरा झाला की आमच्या सोसायटीतले अप्पा जिना आडवे चढू लागत. भिंतीकडे तोंड करून आधी उजवा पाय वरच्या पायरीवर, मग डावा त्याच्या शेजारी, असं थेट तिसऱ्या मजल्यापर्यंत. वाटेत कोणी भेटलं तर म्हणत, "या, या, तुम्ही सरळ या. माझी सीझनची तयारी चाललीय." नेरूळला नव्याने आलेली बिऱ्हाडं आधी घाबरत, मग मुकाट्याने वाट द्यायला शिकत.

सीझन म्हणजे स्कीइंगचा. अप्पा लष्करात स्टोअरकीपर होते. काश्मिरात काढलेल्या दोन-तीन हिवाळ्यांत ते बर्फावरून घसरायला शिकले. निवृत्तीनंतर तळोज्याच्या एका कारखान्याचं स्टोअर सांभाळायला लागले, तरी बर्फ काही डोक्यातून गेला नाही. त्यांचं ठाम मत होतं की स्कीइंगला बर्फ लागतोच असं नाही. "बेलापूरच्या डोंगरावरचं गवत वाळून एका अंगावर झोपलं, की ते बर्फाचा बाप." सुताराकडून त्यांनी सागाच्या दोन लांब पट्ट्या करून घेतल्या होत्या आणि खालून त्यांना मेणबत्तीचं मेण घासलेलं असे. उन्हाळ्यात त्याच पट्ट्यांवर माई, म्हणजे त्यांची बायको, सांडगे वाळत घालत.

पण गवतही बर्फाइतकंच लहरी. एका वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला आणि गवत कुजलं. एका वर्षी कुणाच्या तरी विडीने अख्खा उतार काळा केला. मी तेव्हा कॉलेजात होतो, म्हणजे रिकामा होतो. दर रविवारी अप्पा मला डोंगरावर नेत, गवताची काडी बोटांत चुरून वास घेत आणि म्हणत, "अजून आठ दिवस." सोसायटीत हे वाक्य इतकं रुळलं की पाणी कधी येणार, लिफ्ट कधी लागणार, सगळ्याला तेच उत्तर मिळू लागलं.

सेक्रेटरी तर त्यांना तोंडावर थापाड्या म्हणत. अप्पा हसत, माई नाही. "आमच्या यांनी जन्मात एक थाप मारली नाही," त्या ठणकावून सांगत. "तेवढी अक्कल असती तर बढती नसती मिळाली?" त्यांनी स्वतः अप्पांना घसरताना कधी पाहिलं नव्हतं. एकदा सगळ्यांच्या समोर ते व्हावं आणि लोकांची तोंडं बंद व्हावीत, एवढीच त्यांची इच्छा होती.

एका वर्षी सगळं जुळून आलं. पाऊस वेळेवर गेला, वणवा लागला नाही. खालच्या गावातल्या जनाबाई गुरांसाठी गवत कापायला आल्या होत्या. अप्पांनी अजिजी केली, तेव्हा त्यांनी एक पट्टा सोडला. "रविवारपातूर ठेवते तुमचेसाटी. मंग कापनार हाय, बैलांनला लागतंय." रविवारी सकाळी सगळ्यांनी घसरणं बघायला डोंगरावर यावं, असा कागद अप्पांनी नोटीस बोर्डावर लावला. आश्चर्य म्हणजे सेक्रेटरींनीही मनावर घेतलं.

शनिवारी अप्पा ड्यूटीवर होते आणि मी कॉलेजात. रविवारी सकाळी खांद्यावर पट्ट्या घेतलेले अप्पा, ठेवणीतलं पातळ नेसलेल्या माई आणि मी डोंगरावर पोचलो, तर पट्टा न्हाव्याने हात फिरवावा तसा साफ. आदल्या दिवशी कमिटीने श्रमदान केलं होतं. अप्पांना साप-किरडू चावू नये म्हणून सगळं गवत कापून, भारे बांधून जनाबाईंना देऊन टाकलं होतं. दोन्ही बाजूंच्या दगडांना चुना फासला होता. खाली खुर्च्या मांडल्या होत्या, उपम्याचं पातेलं होतं. "अप्पा, एकदम चकाचक, काय?" सेक्रेटरी म्हणाले. "आता टेन्शन नाय. एक काडी शिल्लक ठेवली नाय."

लाल माती आणि नुसते खुंट. बाकीचा डोंगर तर गावाने आधीच कापून नेला होता. मी तोंड उघडणार तोच अप्पांनी माझं मनगट दाबलं.

"फार छान केलंत," ते म्हणाले. "पण आज गुडघा धरलाय हो. जमेलसं वाटत नाही."

मागून कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. सेक्रेटरींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली आणि सगळे उपम्याकडे वळले.

उतरताना माई भडकल्या. "खरं काय ते सांगा ना त्यांना. उद्या जिन्यात तोंड कसं दाखवू मी?"

"एवढ्या हौसेनं राबलेत," अप्पा म्हणाले. "आपणच घोळ घातला हे कळलं तर बिचारे कायमचे खजील होतील. मी काय, आधीपासूनच थापाड्या आहे." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तूही बोलायचं नाहीस." मला त्यांचा भयंकर राग आला. चांगुलपणालाही काही सुमार असावा, असं मला अजून वाटतं.

पुढच्या वर्षी त्या अंगाला खडीची खाण सुरू झाली आणि उतारच गेला. सीझनचं कोणी विचारलं की अप्पा नुसते हसत. दोनेक वर्षांनी ते हृदयविकाराने अचानक गेले.

गच्चीवर शोकसभा झाली. सेक्रेटरींचे डोळे खरोखर भरून आले होते. "अप्पा म्हणजे राजा माणूस," ते म्हणाले. "स्कीइंग-बिइंग काही येत नव्हतं त्यांना, ते आपल्याला सगळ्यांना ठाऊक होतं. पण बोलायची हौस दांडगी."

लोक हळूच हसले आणि माईंकडे पाहू लागले. मीही पाहिलं. इतकी वर्षं त्यांच्यासाठी भांडणारी बाई, आता कोणाला ऐकणार, असं मला वाटलं. गुडघ्याचं निमित्त करणारा माणूसही आता अडवायला नव्हता.

माईंनी पदर सारखा केला. "हो," त्या म्हणाल्या, "हौस होती त्यांना." आणि सगळ्यांना चहा मिळाला का, म्हणून विचारू लागल्या.