अर्धीच फुगवायची उशी

दिनेश धनावडे आणि मी एकाच वर्षी लडाखच्या पोस्टिंगवर गेलो. तो वेळणेश्वरचा, मी मंडणगड तालुक्यातला. एकाच जिल्ह्याचे म्हणून सुभेदार साहेबांनी आम्हाला बडी केलं. फौजेत बडी म्हणजे जोडीदार. तंबू एक, जेवणाचं भांडं एक, एकाचा डोळा लागला तर दुसऱ्याचा उघडा. तो लान्स नाईक, मी नाईक. पोस्टवर महिना काढल्यावर तो मला म्हणाला, "बाकी सगला जमला. झोप तेवढी जमत न्हाय." झोप न जमण्याचं कारण उशी होती.

ही हकिगत मी सहसा सांगत नाही. कंटाळा येतो. फौजेची गोष्ट म्हटली की लोकांना गोळीबार हवा असतो, आणि माझ्याकडे आहे ती उशी. पण गेल्या आठवड्यात दिनेशची मुलगी माझ्याकडे आली आणि सांगावी लागली.

मी आता मिरकरवाडा बंदराजवळ एका बर्फाच्या कारखान्यात गेटवर असतो. फौज सुटली, बर्फाने काही माझी पाठ सोडली नाही. दिवसभर लाद्या फुटतात, बोटींसाठी टेम्पो भरतात, मी गेटपास बघतो. गुडघे कुरकुरतात. दुपारी सायली आली, पाठीवर नवी कोरी रकसॅक. दिनेश गेला तेव्हा ती रांगत होती. आता इथे रत्नागिरीत कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजच्या ग्रुपबरोबर तिला हिमाचलात ट्रेकला जायचं होतं. तिने रकसॅकमधून तीन उशा काढल्या आणि माझ्या टेबलावर मांडल्या.

"काका, यातली कुठली नेऊ? एक ठेवायची, दोन परत पाठवायच्यात."

"एवढ्यासाठी उन्हातून आलीस?"

ती तिन्ही उशा एका ओळीत सारत राहिली. मग म्हणाली, "आई म्हणते, काका हो म्हणाले तर जा. नाही म्हणाले तर बॅगसुद्धा परत कर."

म्हणजे उशी हे निमित्त होतं. पोरीचं जाणं माझ्या एका शब्दावर अडलं होतं. खरं सांगतो, मला ते नको होतं. दुसऱ्याच्या जिवाचे निर्णय घेऊन माणूस एकदा थकला की थकतो, पेन्शन मिळाली म्हणून तो थकवा जात नाही. मी म्हटलं, आधी उशा बघू.

केबिनमध्ये एक लाकडी बाक आहे. त्यावर तिला आडवी व्हायला लावली. उशी हातात दाबून बघू नये, डोकं ठेवून बघावी, आणि तीही कडक जागेवर. घरच्या गादीवर सगळ्याच उशा चांगल्या लागतात.

"पाठीवर झोपतेस की कुशीवर?"

"कुशीवर."

"मग खांद्याएवढी उंची पाहिजे. नाहीतर सकाळी मान एका बाजूला आणि तू दुसऱ्या."

पहिली उशी फोमची होती. मऊ, देखणी. पण गुंडाळली तरी रकसॅकचा मोठा कोपरा खात होती, आणि असला फोम कडाक्याच्या थंडीत लाकूड होतो हे मी पाहिलेलं आहे. दुसरी म्हणजे नुसती कापडी पिशवी. आत आपलेच कपडे कोंबायचे आणि वर डोकं ठेवायचं. वजन जवळजवळ नाहीच. सायलीला ती फार हुशारीची वाटत होती.

"खरी थंडी पडेल त्या रात्री कपडे कुठे असतील?" मी विचारलं.

"अंगावर."

"मग उशीत काय भरशील, वारा?"

तिसरी वाऱ्याचीच होती. फुगवायची, वरून सुती कापड लावलेली. गालाला प्लास्टिक चिकटत नव्हतं. हवा काढली की मुठीत मावायची, वजन दोन केळ्यांएवढं. सायलीने तोंड लावून ती टम्म फुगवली.

"अर्धीच फुगव."

"का?"

"तुझ्या बापाने पूर्ण फुगवली होती."

मग मला ते सांगावं लागलं. लडाखला जाताना दिनेशने रत्नागिरीच्या बाजारातून एक हवेची उशी घेतली होती. घर मासेमारीचं. त्यांच्याकडे हवा भरलेली वस्तू म्हणजे जाळं तरंगत ठेवणारा बोया, आणि बोया सैल ठेवला तर मार खावा लागतो. त्यामुळे खालच्या ट्रान्झिट कॅम्पमध्ये पठ्ठ्याने उशी पूर्ण ताकदीने फुगवली, झाकण पिळून बसवलं आणि ट्रकमध्ये मानेमागे ठेवली. ट्रक खिंड चढू लागला. वर हवा विरळ, उशीतली हवा फुगत चाललेली. दिनेश म्हणत होता, "चढावर जरा जास्तच घट्ट झालीय." आम्ही कोणी लक्ष दिलं नाही.

खिंडीच्या अलीकडे उशी फुटली. आवाज अगदी गोळीचा. आम्ही सगळे ट्रकच्या फळ्यांवर पालथे. ड्रायव्हरने ब्रेक मारला, मागचा ट्रक थांबला. सुभेदार साहेब पुढून उडी मारून रायफल घेऊन मागे आले.

"फायर किसने किया?"

दिनेश फाटकं रबर हातात धरून उभा राहिला. "साहेब, उशी."

"क्या?"

"तकिया, साहेब."

आठवडाभर त्याला लंगरची, म्हणजे फौजी स्वयंपाकघराची, भांडी घासावी लागली. सायली हसून हसून बाकावर कलंडली. मीही हसलो. आपल्या बापाबद्दल हसण्यासारखं काही तिने आजवर ऐकलं नसावं. घरात फोटोला हार आहे. हार घातलेल्या माणसाची थट्टा कोण करणार?

त्यानंतर तो जे मिळेल त्यावर झोपला. रकसॅकवर मान आखडते. बुटांवर कान दुखतो. गुंडाळलेली जर्सी मध्यरात्री काढून घालावी लागते. मग सुट्टीवरून परत येताना त्याने घरून सावरीची उशी आणली. आमच्याकडे सावरीची बोंडं फुटली की आतला कापूस गोळा करतात. रेशमासारखा, हलका. त्याच्या आईने तो निवडून, एकही बी न ठेवता, जुन्या लुगड्याच्या कापडात भरला होता. उशी जेमतेम दीड वीत. रकसॅकच्या झाकणाखाली बसायची आणि पाठीला तिचं वजन कळत नसे. पहिल्या दिवशी सेक्शनने, म्हणजे आमच्या तुकडीने, त्याची टर उडवली. दुसऱ्या दिवशी जो तो म्हणू लागला, बघू जरा, डोकं टेकून बघू.

शेवटी सेक्शनमध्ये नियम पडला. पेट्रोलवर, म्हणजे गस्तीवर, असताना शेवटची संत्री ड्यूटी, म्हणजे पहारा, करून जो तंबूत येईल, त्या दिवशी उशी त्याची. दोन तास का होईना, त्याने नीट झोपावं. नियम दिनेशनेच केला. त्याच्या आईची उशी, पण तो स्वतःची पाळी आल्याशिवाय तिला हात लावत नसे.

इथपर्यंत सांगून मी थांबलो. बाहेर टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. त्याचा पास बघून परत आलो तर सायली तशीच बसली होती, अर्धी फुगवलेली उशी मांडीवर.

"पुढचं सांगा," ती म्हणाली. "घरी कोणी सांगत नाही."

मी तिच्याकडे बघितलं. डोंगरात जायचं म्हणते तर डोंगर काय करतो ते तिला कळायला हवं, असं मला वाटलं. सांगितलं.

हिवाळ्याआधीचं शेवटचं पेट्रोल होतं. आम्ही सुभेदार साहेबांसह आठ जण, त्यात एक नर्सिंग असिस्टंट, केरळचा. तिसऱ्या दिवशी परतताना दुपारी दोनच्या सुमारास एका घसाऱ्यावरून, सुट्या दगडांच्या उतारावरून, आडवे जात होतो. ऊन चढलं की वरचा बर्फ सैल होतो आणि त्यात अडकलेले दगड सुटतात. आम्ही अंतर ठेवून, एकेक जण जात होतो. जे करायचं ते सगळं करत होतो. वरून कोणीतरी ओरडलं, "पत्थर!" मी पार झालो होतो. दिनेश मधोमध होता. दगड त्याच्या खांद्यावर आणि मानेवर बसला. तो बराच खाली घसरत गेला.

आम्ही पोचलो तेव्हा तो शुद्धीत होता. हात हलत होते, पाय हलत नव्हते. नर्सिंग असिस्टंटने तपासलं आणि फक्त एवढंच म्हणाला, "गर्दन नहीं हिलनी चाहिए."

साहेबांनी रेडिओ घेतला.

"चार्ली, मी चार्ली टू. कॅजुअल्टी एक, सीरियस. हेलिकॉप्टर हवं. ओव्हर."

"चार्ली टू, ढग खाली आहेत. तुमच्यापर्यंत येता येणार नाही. खालच्या हेलिपॅडवर आणा. ओव्हर."

"वेळ किती? ओव्हर."

"उजेड आहे तोवर. आउट."

घडीचं स्ट्रेचर होतं. दिनेशला पट्ट्यांनी बांधलं, पण डोकं मोकळंच राहिलं. दोन्ही बाजूंनी काहीतरी घट्ट आणि मऊ लावायला हवं होतं. नर्सिंग असिस्टंटची नजर उशीवर गेली. उशी एक, बाजू दोन. साहेब मला म्हणाले, "काटो."

मी सुरीने उशी फाडली. अर्धा कापूस एका लोकरी मोज्यात कोंबला, अर्धा दुसऱ्यात. वारा होता, काही कापूस हातातून सुटला आणि बर्फावरून उडत गेला. दोन मोजे त्याच्या डोक्याच्या दोन बाजूंना लावून कपाळावरून पट्टी बांधली.

"काय फाडलास रं?" दिनेशने विचारलं. त्याला वरचं आभाळ तेवढं दिसत होतं.

"उशी."

"आयशीची?"

"हो."

जरा वेळाने तो म्हणाला, "आज पाळी तुजी व्हती. आता तू काय घेशील?"

मी कपाळावरच्या पट्टीची गाठ आवळली.

आम्ही निघालो. चार जण स्ट्रेचरला, दोन जण पुढे दगड बाजूला करत. नर्सिंग असिस्टंट सगळा वेळ दिनेशचं डोकं दोन्ही हातांनी धरून उलटा चालत होता. तसं उलटं चालून बघा कधी, सपाट अंगणात तरी. थकलेल्या माणसाच्या हाताखाली दुसरा हात यायचा आणि स्ट्रेचर पुढे जायचं. दिनेश आधी बोलत होता. सायलीला दात आले का, हे त्याने मला दोनदा विचारलं. मला माहीत नव्हतं. मी दोन्ही वेळा "आले" म्हणालो. मग तो बोलायचा थांबला.

हेलिपॅडवर पोचलो तेव्हा उजेड होता. ढगात फट पडली आणि हेलिकॉप्टर आलं. पायलटने, ज्याला म्हणतात ना, जिवावर उदार होऊन उतरवलं. आम्ही वाकून धावत निघालो. नर्सिंग असिस्टंटने दिनेशच्या गळ्याला बोटं लावली, मग साहेबांकडे बघून मान हलवली.

"साहब, जल्दी की जरूरत नहीं."

पंख्याच्या आवाजात ते आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

सायली रडली. मी तिला रडू दिलं. पाणी दिलं. बर्फाच्या कारखान्यात गार पाण्याला तोटा नाही. मग तिने डोळे पुसले आणि विचारलं, "त्यांना दुखत होतं?"

"आधी दुखत होतं. नंतर नाही."

"तुम्ही माझ्या दाताचं खोटं का सांगितलंत?"

"ते खरं निघालं. नंतर वहिनींकडून कळलं, चार दिवस आधीच दोन आले होते."

तिला एकदम हसू आलं. नाक लाल, डोळे भरलेले, आणि हसते आहे. दिनेश असाच हसायचा. मला फार जड गेलं ते बघणं.

मग मी तिला शिकवायचं ते शिकवलं. उशी मुक्कामी पोचल्यावरच फुगवायची, आणि अर्धीच. डोक्याच्या वजनाने उरलेली भरते. श्वासातली वाफ आत जाऊन गोठते, म्हणून सकाळी उलटी करून झटकायची. रात्री घसरते, म्हणून स्लीपिंग बॅगच्या टोपीत कोंबायची. छिद्र पडलं तर चिकटपट्टी बरोबर हवी. दुपारी ऊन चढल्यावर घसाऱ्याखाली बसायचं नाही, फोटोसाठीसुद्धा नाही. ग्रुपमध्ये आपला बडी आधी ठरवायचा. फोम आणि पिशवी परत बॅगेत गेल्या.

"मग आईला काय सांगू?" तिने विचारलं.

नाही म्हणणं सोपं होतं. नाही म्हटल्यावर कोणी मरत नाही. वहिनींना बरं वाटलं असतं आणि मला रात्री झोप लागली असती. पण पोर एवढं सगळं ऐकूनही जायचंच म्हणत होती, आणि डोंगराची भीती घरात कायमची मांडून ठेवावी असं दिनेशला वाटलं नसतं. मी फोन हातात घेतला आणि वेळणेश्वरला लावला.

"वहिनी, सायली इथे आहे. जाऊ दे तिला."

पलीकडून कोंबड्यांचा आवाज येत होता. इतक्या वर्षांत वहिनींनी त्या दिवसाबद्दल मला एक प्रश्न विचारलेला नाही. मी गेलो की चहा करतात, माझ्या गुडघ्यांची चौकशी करतात, एवढंच.

"भावोजी," त्या म्हणाल्या, "तिला काय झाला तर उचलायला मानसा असतील ना थय?"

"असतील," मी म्हणालो. "असतील, वहिनी. दिनेशला आम्ही वरपासून खालपर्यंत एकदाही जमिनीवर टेकू दिलं नव्हतं."

"ठाव हाय माला," वहिनी म्हणाल्या. "म्हनून तर पोरीला तुमच्याकडे धाडली."