व्हॅनमधली गादी

पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर पत्नी माहेरी गेली नव्हती. माहेर अकोल्याच्या जुन्या शहरात, आम्ही अमरावतीत. अंतर फार नाही. पण तिला फार वेळ सलग बसवत नाही, आणि बसमध्ये आडवं होता येत नाही. तिची आई आता गल्लीबाहेर पडत नाही. दोघींची भेट फोनवरच व्हायची.

म्हणून शाळेच्या मुलांची ने-आण करणारी एक जुनी व्हॅन घेतली. तिच्यात पलंग बसवायचा. वाटेत थांबायचं, पाठ टेकायची, पुढे निघायचं. पत्नीची अट होती की सामान घरातलंच वापरायचं. बैठकीतला दिवाण नुसती जागा अडवत होता. त्याच्या फळ्यांचा पलंग झाला. स्वयंपाकघर नवीन केलं तेव्हा काढलेले ड्रॉवर गच्चीवर पडून होते, ते पलंगाखाली बसले. कूलर सडला होता, पण त्याचं लोखंडी स्टँड शाबूत होतं. ते कापून चढायला पायरी केली.

अवघड होतं ते उंचीचं गणित. पत्नीला कुशीवर वळून, हातावर जोर देऊन उठून बसावं लागतं. तेव्हा डोकं टपाला लागता कामा नये. घरातल्या गादीची जाडी धरून मी माप काढलं. गादी अकोल्याहून यायची होती. माहेरी एक जुनी पडून होती, ती पिंजून, नव्याने भरून आणायचं पत्नीच्या धाकट्या भावाने कबूल केलं होतं. जाडी त्याला फोनवर सांगितली. तो "हो, हो" म्हणाला.

तो टेम्पोतून गादी घेऊन आला. उतरवायला दोघं लागलो. जुन्या कापसात त्याने स्वतःच्या शेतातली रुई घातली होती. कापूस पिकवणाऱ्या घरातून लेकीला पातळ गादी जात नाही, हे मापात धरायचं राहून गेलं होतं.

पत्नी गादीवर आडवी झाली, कुशीवर वळली, उठू लागली आणि अर्ध्यातच थांबली.

"डोकं टेकून राहिलं ना रे वर," ती म्हणाली.

"बसते ते, ताई. दोन दिवस झोप, दबते."

"दबेपर्यंत का रांगत उतरू?"

"मंग का पातळ आनू? लोकं का म्हनतीन?"

"लोकं येऊन राहिले का माह्या गाडीत झोपाले?"

तिने माझ्याकडून कात्री मागून घेतली आणि भावाच्या डोळ्यांदेखत गादीची शिवण उसवली. तो कासावीस झाला. "घरची रुई हाय, ताई. फेकतं का आता?"

"फेकत नाही. बस इथं, धर हे."

जुन्या साडीच्या घड्यांमध्ये ती जास्तीची रुई भरून तिने ऊन अडवायला खिडक्यांच्या मापाच्या जाड गाद्या शिवल्या. भाऊ सुईत दोरा ओवून देत होता आणि पुटपुटत होता. संध्याकाळपर्यंत गादी मापाची झाली. पत्नी वळली, उठली, बसली. टप आणि डोकं यांच्यामध्ये माझा तळहात सहज गेला.

पुढच्या आठवड्यात निघालो. ऊन तापायला लागलं होतं. मूर्तिजापूरच्या अलीकडे एका कडुनिंबाखाली गाडी उभी केली, खिडक्यांत साडीच्या गाद्या बसवल्या. आत अंधार आणि बऱ्यापैकी गारवा झाला. ती पडून राहिली. मी बाहेर चहा प्यायलो. मग तिने आतून दार वाजवलं, "चला" म्हणाली. असे आणखी दोन थांबे झाले.

गल्लीत व्हॅन शिरत नाही, म्हणून तोंडाशीच लावली. भाऊ आईला हात धरून घेऊन आला. पत्नी पायरीवरून स्वतः उतरली. आईने तिच्या पाठीवरून बराच वेळ हात फिरवला. मग पायरीवर उभं राहून तिने व्हॅनमध्ये डोकावलं, गादी मुठीने दाबली आणि मुलाकडे वळली.

"काहून रे, पोरीले एवढी पातळ गादी देली?"

त्याने बहिणीकडे पाहिलं. तिला हसू आवरत नव्हतं.